फायनल फँटसी: एकच भाग ठेवायचा असेल तर कुठला ठेवाल? ("सगळेच" चालणार नाही)

रायबंदरकर
पाऊस लागलाय, शनिवार-रविवार घराबाहेर पडायची सोय नाही, म्हणून हा धागा. फायनल फँटसी या जपानी व्हिडिओ गेम मालिकेचे मुख्य भाग सोळा झाले, पहिला १९८७ चा आणि सोळावा २०२३ चा, त्यातले दोन ऑनलाईनवाले, शिवाय टॅक्टिक्स, रीमेक, रीबर्थ हे सगळं गणगोत वेगळंच. सर्वोत्तम कुठला यावर भरपूर मारामाऱ्या झाल्यात, ते नको. सर्वोत्तम वेगळा आणि आवडता वेगळा. उद्या सगळे भाग गेले आणि एकच ठेवायला मिळाला तर कुठला ठेवाल आणि का, एवढंच सांगा. अट एकच, "पहिल्यांदा तोच खेळलो" हे कारण धरणार नाही.

माझा बारावा. २००६ ला आला तेव्हा लोकांनी नावं ठेवली की हा गेम आपला आपणच खेळतो. ते गॅम्बिटमुळे. प्रत्येक पात्राला आधीच सांगून ठेवायचं, साथीदाराचं एचपी (जीव किती उरलाय तो आकडा) अर्ध्याच्या खाली गेलं की क्युअर (बरं करायची जादू) मार, अमुक शत्रू दिसला की तमुक कर, आणि वरून खाली ज्या क्रमाने लिहाल त्या क्रमाने ते पाळतात. नीट लिहिलं तर लढाई बघत बसायची, वाईट लिहिलं तर तिघेही एकाच जखमीवर क्युअर मारत बसतात आणि समोरचा राक्षस निवांत सगळ्यांना कुटतो. हे लिहिण्यातली मजा मला दुसऱ्या कुठल्याच भागात मिळाली नाही. आणि गोष्ट. एका बाजूला आर्केडिया, दुसऱ्या बाजूला रोझारिया, मध्ये चिमुकलं डालमास्का. इथे जग वाचवायच्या गप्पा कमी आणि आपलं राज्य कसं टिकवायचं याच्या जास्त.

साखळीचा_शेरू
सात. विषय संपला, धागा बंद करा.

रायबंदरकर
कारण?

साखळीचा_शेरू
पहिल्यांदा तोच खेळलो.

म्हापसा_मेमरीकार्ड
अटच चुकीची आहे रे. पहिला कुठला मिळाला हे आपल्या हातात होतं का? आमचा मामा तारवटी (बोटीवर नोकरीला), सुट्टीवर येताना प्लेस्टेशन घेऊन आला आणि सोबत आठवा होता, चार डिस्कवाला. सातवा आणला असता तर मी पण शेरूसारखा बोललो असतो.

पण चल, तुझ्या अटीत बसवून सांगतो. आठवाच. लोक ड्रॉ-जंक्शनला (शत्रूकडून जादू ओढायची आणि ती अंगाला जोडून ताकद वाढवायची) शिव्या घालतात कारण ते प्रत्येक शत्रूकडून शंभर शंभर जादू ओढत बसतात. अरे कोण सांगतो ओढायला? शत्रूंची लेव्हल आपल्या लेव्हलवर ठरते, म्हणजे दिवसभर मारामाऱ्या करून लेव्हल वाढवणाऱ्याला हा गेम काहीच देत नाही. त्यापेक्षा पत्ते खेळा, जिंकलेल्या पत्त्यांच्या वस्तू करा, वस्तूंची जादू करा, ती जंक्शन करा, पहिल्या डिस्कवरच आपला हिरो स्क्वॉल कुणाला ऐकत नाही. चवथीच्या रात्री पत्ते कुटणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? जग बुडायला आलंय आणि आमचा हिरो गार्डनभर (त्याची शाळा) फिरून एकेकाला विचारतोय, डाव टाकूया का.

कुंभारजुव्याचा_कोपरा
आणि मग कळतं की रिनोआ सोडून सगळे एकाच अनाथाश्रमात एकत्र वाढलेले, आणि एकटा अर्व्हाइन सोडून सगळे ते विसरले!

म्हापसा_मेमरीकार्ड
जीएफ (मदतीला बोलवायच्या शक्ती) वापरले की आठवणी जातात, कारण दिलंय गेममध्ये.

कुंभारजुव्याचा_कोपरा
दिलंय म्हणजे पटलं असं नाही ना.

पेडण्याची_वीज
दहावा. मी पीएस२ वर खेळलो, आणि पेडण्यात पावसाळ्यात खेळलो हे मुद्दाम सांगतो, कारण ज्यांच्याकडे लाईट जात नाही त्यांना युनालेस्का ही शत्रू काय चीज आहे हे कळणार नाही. सेव्ह करायचं, पुढे जायचं, लांबलचक सीन, तो स्किप होत नाही, मग लढाई, तिची तीन रूपं, तिसऱ्या रूपात ती मेगा डेथ मारते आणि जो झोंबी नाही तो आडवा. आडवे झालात की परत तोच सीन पहिल्यापासून. आणि तिसऱ्या रूपाला पोचलो की आमच्याकडे लाईट जायची. आई म्हणायची देव आहे तो, आता तरी अभ्यास कर.

तरी दहावाच ठेवीन. सिन नावाच्या राक्षसाला हरवायला निघालेल्या यूनाची यात्रा पूर्ण झाली की यूना मरणार हे बरोबरच्या सगळ्यांना माहीत असतं, फक्त हिरो टीडसला माहीत नसतं, आणि तो बिचारा सिनला हरवल्यावर आपण हे करू आणि तिकडे जाऊ म्हणून बडबडत असतो. पहिल्या खेपेला तो डोक्यात जातो. दुसऱ्यांदा खेळताना तो बोलतो तेव्हा बाकीच्यांची तोंडं बघा, प्रत्येक जण विषय बदलतोय. एकाच गोष्टीत दोन गोष्टी मिळतात.

साखळीचा_शेरू
आणि ते हसणं? हा हा हा हा.

पेडण्याची_वीज
ते मुद्दाम खोटं हसतात रे, सीनच तो आहे! वीस वर्षं झाली, लोक एक क्लिप बघून येतात आणि आम्हाला शिकवतात.

डिचोली_डंपर
सातवा, पण शेरूच्या कारणाने नाही. मी आधी नववा आणि दहावा खेळलेलो, सातवा कामाला लागल्यावर खूप उशिरा मोबाईलवर खेळला, तेव्हा अट पाळली.

सातवा म्हटलं की लोक सेफिरॉथ आणि एरिथ एवढंच बोलतात. मला आठवतो तो बॅरेट. सुरुवातीला तो ओरडणारा, हाताला बंदूक लावलेला माणूस, शिनरा कंपनी ग्रहाचा जीव शोषतेय म्हणून भाषणं देणारा. जरा पोकळ वाटतो. मग तुम्ही नॉर्थ कोरेलला पोचता आणि तिथली माणसं त्याला मारतात, शिव्या देतात, आणि तो मान खाली घालून घेतो. कारण कोरेल कोळशाच्या खाणीचं गाव, शिनरा रिॲक्टर घेऊन आली तेव्हा गावात एकटा त्याचा मित्र डाइन नको म्हणत होता, आणि "येऊ दे, आता कोळशाला कोण विचारतो, सगळ्यांचं भलं होईल" असं म्हणणारा बॅरेट होता. पुढे रिॲक्टरमध्ये स्फोट झाला, शिनराने खापर गावावर फोडलं, गाव जाळलं, त्याची बायको गेली. म्हणजे त्याचा जो राग आहे तो अर्धा शिनरावर आणि अर्धा स्वतःवर.

आमच्याकडे काय झालं ते इथल्या लोकांना सांगायची गरज नाही. डिचोलीतला जन्म, शाळेत जाताना रस्ता लाल, झाडं लाल, युनिफॉर्म लाल. आजोबांच्या शेतात पावसात खाणीची माती उतरायची, त्यावर ते ओरडायचे. आणि त्याच घरात वडिलांनी कर्ज काढून ट्रक घेतला होता, तो खनिजच वाहायचा. माझं शिक्षण त्या ट्रकवर झालं. २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रक दारात उभा राहिला, आणि आजोबांना बरं वाटलं की वाईट ते शेवटपर्यंत कळलं नाही. घरात दोन्ही बाजू एकाच ताटावर जेवायच्या. त्यामुळे पर्यावरणावरचा गेम म्हणून सातचं कौतुक होतं ते मला अर्धवट वाटतं. शिनरा वाईट हे कुणीही लिहील. शिनराला हो म्हणणारा माणूस वाईट नव्हता, त्याला गावाचं भलंच हवं होतं, हे लिहिणं अवघड, आणि ते १९९७ साली त्या ठोकळ्यासारख्या हातांच्या पात्रांकडून करून घेतलंय.

एवढंच.

रायबंदरकर
डंपर, हे मस्त लिहिलंस. माझ्या डोक्यात बॅरेट म्हणजे फक्त आरडाओरडा होता.

कुंभारजुव्याचा_कोपरा
आणि जळलेल्या कोरेलच्या डोक्यावर काय बांधलं? गोल्ड सॉसर. रोषणाई, जुगार, शर्यती, आणि खाली पत्र्याची घरं. पणजीच्या पुलावरून रात्री मांडवीतली कॅसिनो बघितली की मला तेच म्युझिक ऐकू येतं.

साखळीचा_शेरू
बघा, आता दोन मतं सातला. आणि मी आधी बोललो होतो.

माशेलची_माई
मी सहावा म्हणेन. आमच्या गावात जत्रेला नाटक असतंच, मी लहानपणापासून त्यात काम करत आले, संगीत नाटकात पण केलंय. त्यामुळे सहामधला ऑपेरा मला कुणी समजावून सांगायला नको. सेलेस साम्राज्याची सेनापती होती, आयुष्यात कधी गायली नाही, आणि केवळ त्या मारिया नावाच्या गायिकेसारखी दिसते म्हणून तिला स्टेजवर ढकलतात, का तर सेट्झर मारियाला पळवायला येणार आहे आणि त्याचं विमान आपल्याला हवंय. मग प्रवेशाच्या आधी खोलीत बसून संहिता वाचायची, ओळी पाठ करायच्या, आणि स्टेजवर गेल्यावर खरंच पुढची ओळ कुठली ते आपण निवडायचं. चुकलात की नाटक बंद, पुन्हा पहिल्यापासून. विंगेत उभं राहून पदाची दुसरी ओळ आठवत नाही तेव्हा पोटात जो गोळा येतो तो मला एका १९९४ च्या गेमने आणला. आवाज तर कुणाचाच नाही, नुसता सिंथेसायझरचा सूर, आणि तरी ती गातेय असंच वाटतं. संगीतकार उएमात्सूंचे पाय धरावे.

आणि वर माडीवर तो अल्ट्रोस ऑक्टोपस वजन ढकलत असतो, नाटक पाडायला. प्रत्येक गावात असा एक जण असतोच.

फोंडा_फिफो
माई, सहावा की तिसरा? माझ्याकडे कॉलेजात जो होता त्यावर तीन लिहिलेलं आणि आत सहाव्याचा खलनायक केफ्का.

माशेलची_माई
तोच तो. अमेरिकेत दोन, तीन आणि पाच तेव्हा पाठवलेच नाहीत, म्हणून तिकडे चौथ्याला दोन केलं आणि सहाव्याला तीन. मग सातवा सात म्हणूनच गेला आणि सगळ्यांचा हिशोब चुकला.

बांगडा_बिंज
सहाव्यावर माझं पण मत, पण एक तक्रार आहे. जग उद्ध्वस्त झाल्यावर सेलेस बेटावर जागी होते, सिड आजारी, त्याला मासे आणून द्यायचे. जलद पोहणारा मासा दिला तर तो बरा होतो, हळू पोहणारा दिला तर आणखी बिघडतो. हे गेम कुठेच सरळ सांगत नाही, आणि अर्ध्या जगाने हळूवाले धरून दिले आणि म्हातारा मेला. आता मला सांगा, यात सांगायचं काय आहे? मलूल नुस्तं कोण घरी आणतो?

पेडण्याची_वीज
बाहेरच्या देशातल्या लोकांना पाकिटात कापलेलं मिळतं, त्यांना काय कळणार.

बांगडा_बिंज
माझी आई असती तर सिड दुसऱ्या दिवशी उठून बसला असता. पण तिने सेलेसला पहिलं विचारलं असतं की कितीला पडले.

माशेलची_माई
सिड गेला तरी गोष्ट पुढे जाते हो. आणि खरं म्हणजे ती जास्त जड जाते. मी दोन्ही बघितलंय, आणि कुठली खरी मानायची ते अजून ठरवलं नाही.

तारवटी_ऑनबोर्ड
बोटीवरून लिहितोय, नेट येईल तसं. मी पाचवा. इथे ऑनलाईन काही जमत नाही, मोबाईलवर पिक्सेल रीमास्टरचे (पहिल्या सहा भागांच्या नव्या आवृत्त्या) सहाही भाग घेऊन ठेवलेत, ड्युटी संपली की खेळतो. पाचव्याची गोष्ट साधी आहे, क्रिस्टल फुटतात, दुष्ट झाड माणूस होऊन येतो, संपलं. पण जॉब! नाईट, मंक, चोर, निन्जा, केमिस्ट, एकाचं काम शिकून दुसऱ्याच्या कामात वापरायचं. आणि गंमत म्हणजे सगळं शिकून झालं की परत बिनकामाचा फ्रीलान्सर व्हायचं, कारण शिकलेल्या जॉबांचे गुण त्याला आपोआप मिळतात. आमच्या बोटीवरचे जुने बोसन असेच असतात, हुद्दा काही का असेना, सगळं येतं.

फोंडा_फिफो
दुसऱ्या भागाला कुणीच नाही का? जिथे लेव्हलच नसते, मार खाल्ला की एचपी वाढतं, म्हणून लोक आपल्याच माणसांना बडवत बसायचे?

तारवटी_ऑनबोर्ड
तो पण आहे मोबाईलवर. बडवला, आणि तसाच ठेवून दिला.

ताळगावची_तनू
मी सोळावा म्हणते आणि पळते. इफ्रिट आणि टायटन या महाकाय राक्षसांची लढाई बघून मी अर्धा तास कुणाशी बोलले नव्हते.

म्हापसा_मेमरीकार्ड
तनू, चांगला आहे, पण त्यात पार्टी कुठे आहे गो? क्लाइव्ह एकटाच मारतो, बाकीचे मागून येतात. कुत्र्याला तेवढं सांगता येतं.

ताळगावची_तनू
कुत्रा आहे ना मग. तुमच्या आठव्यात पण कुत्राच बरा होता.

म्हापसा_मेमरीकार्ड
अँजेलोबद्दल काही बोलायचं नाही हां.

कुंभारजुव्याचा_कोपरा
ॲडमिन, याच्यावर मतदान लावा ना वर, बोटं दुखायला लागली.

ॲडमिन_पात्रांव
जनमत कौल नको बाबा. १९६७ मध्ये गोवा महाराष्ट्रात घालायचा की वेगळा ठेवायचा, फूल की दोन पानं, असं विचारलं होतं, त्याचा वाद आमच्या घरात चवथीला अजून निघतो. तुम्ही आपले लिहीत राहा. मीही लिहितो: तेरावा. सगळे म्हणतात बोळातून सरळ चालायचं, आणि अकराव्या चॅप्टरपर्यंत ते खरंच आहे, नाकारत नाही. पण पॅराडाईम (सगळ्या टोळीच्या भूमिका एकदम) बदलण्याची लढाई एकदा हाताला बसली की दुसऱ्या भागातल्या लढाया संथ वाटतात. शत्रूला मार देऊन देऊन स्टॅगर करायचं (म्हणजे तो डगमगतो), मध्येच बचावावर जायचं, परत हल्ला, आणि हे सगळं डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात. बाकी गोष्टीत फालसी, लसी, सीथ काय ते मला आजही विचारू नका.

डिचोली_डंपर
रायबंदरकर, आता तुझ्या बारावर येऊया, सगळ्यांना प्रश्न विचारतोस आणि स्वतः सुटतोस. राज्य, साम्राज्य, न्यायाधीश, हे सगळं पहिल्या अर्ध्यात जबरदस्त आहे, मान्य. पण पुढे गोष्ट पातळ होते. दिग्दर्शक मात्सुनो मध्येच सोडून गेले ते दिसतं. आणि हिरो म्हणून दिलेला व्हान? तो त्या गोष्टीत का आहे? राजकन्या ॲशचं राज्य, बाशचा कलंक, बाल्थिअरचा बाप, आणि हा पोरगा विमान बघायला आलाय.

रायबंदरकर
व्हानबद्दल माझं मत उलटं आहे. राजकारणाची गोष्ट राजकन्येच्या डोळ्यांनी सांगितली असती तर ती सूडाचीच झाली असती. व्हानचा भाऊ त्याच युद्धात गेला, म्हणजे राजे-सरदार जे करतात त्याची किंमत देणारा तो आहे, आणि त्याला कुणी काही विचारत नाही. बाल्थिअर "मीच नायक" म्हणत फिरतो, ॲश सिंहासनासाठी लढते, आणि हा मागे उभा राहून ऐकतो. आपण बहुतेक जण तसेच नाही का? निर्णय पणजीत नाहीतर दिल्लीत, आपण पेपरात वाचतो. आणि शेवटी ॲशला ताकद मिळत असताना ती घ्यायची की नाही हे ठरवायची वेळ येते, तिथे व्हानने आधी भावाबद्दल जे बोललेलं असतं त्याचा तिच्यावर परिणाम झालेला दिसतो.

दुसरा अर्धा पातळ आहे हे मात्र मान्य. तेव्हा तर मी नुसते हंट (मुद्दाम शोधून मारायचे राक्षस) करत असतो.

म्हापसा_मेमरीकार्ड
यिआझमॅट मारलास?

रायबंदरकर
पाच कोटी एचपी आहे त्याला. मध्येच बाहेर येऊन सेव्ह करता येतं, म्हणून मारला. झोडिॲक एजमध्ये (बाराव्याची नवी आवृत्ती) चौपट वेग करता येतो त्याचे उपकार.

फोंडा_फिफो
मग माझं मत बारावाच लिहा. मी गॅम्बिट लावतो, वेग चौपट करतो आणि जेवायला जातो. परत येतो तर लेव्हल वाढलेली.

रायबंदरकर
असल्या कारणाने मिळालेलं मत पण घेतो, इथे माझ्या बाजूला कुणी नाही.

आल्तिनोची_आजी
(आजी नाही, नाव आहे.) सगळं वाचून काढलं आणि नवव्याला एकच डंपर, तो पण नुसता जाता जाता उल्लेख? मी लिहिते मग.

सुरुवातीच्या प्रश्नाकडे जाते. तू विचारलंस की एकच ठेवायचा. आवडता आणि ठेवायचा यात पण फरक आहे. मला सगळ्यात जास्त हलवलं ते दहाव्याने, पण तो मी परत लावत नाही, शेवट माहीत असताना धीर होत नाही. नववा मी परत परत लावते. विवी नावाचा टोपीवाला पोरगा आहे, काळा जादूगार, त्याला कळतं की त्याच्यासारखे कारखान्यात बनवलेले आहेत आणि वर्षभराच्या आसपास बंद पडतात. बाकी सगळ्या भागांत हिरोला ग्रहाची वगैरे काळजी, आणि याला काळजी की मी किती दिवस आहे, आणि तेवढ्यात काय करू. तो रडारड करत नाही, आपल्या लोकांच्या गावात जातो, अंडं उबवणाऱ्यांकडे बघत बसतो. मी हा घरी आजोबा आजारी असताना खेळले, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

दोष सांगते, लढाई सुरू व्हायला इतका वेळ की चहाला आधण ठेवून यावं, चोरी करायला गेलात तर वस्तू मिळता मिळत नाही, आणि शेवटचा नेक्रॉन कुठून आला ते कुणालाच माहीत नाही. मालिकेचा बाप साकागुची, त्याला पण नववाच सगळ्यात जवळचा वाटतो, पण मी त्याच्यामुळे नाही म्हणत.

आणि माई, तुम्ही हा खेळला नाहीत का? याची सुरुवातच नाटकाने होते. चोरांची टोळी नाटक कंपनी बनून राजवाड्यात येते, राणीसमोर प्रयोग लावते, आणि प्रयोग चालू असताना राजकन्येला पळवायचा बेत. राजकन्या पण आधीच पळायच्या तयारीत.

माशेलची_माई
काय सांगतेस! नाही खेळले. मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर चालेल का?

आल्तिनोची_आजी
चालेल, पीसीवर २०१६ लाच आलाय, जड नाही. वेग वाढवायची सोय पण आहे, म्हणजे आधणाची भानगड नाही.

पेडण्याची_वीज
आपोआप सेव्ह होतो का? महत्त्वाचं आहे.

आल्तिनोची_आजी
होतो. तुम्ही पेडणेकरांनी तरी पण हाताने करत जा.

साखळीचा_शेरू
मी पण टाकला नववा डाऊनलोडला. मत अजून सातच आहे.

माशेलची_माई
रात्री लावला. स्टेजवर तलवारबाजी करायची असते, दाखवतील ते बटण पटापट दाबायचं, आणि शेवटी सांगतात की शंभर सरदारांपैकी कितीजण खूश झाले. माझे बासष्ट. पुन्हा करायचंय का विचारतोय. सदतीस सरदार आणि राणी, यांना काय नकोय तेच कळत नाही, एवढं वाईट तर आमच्या गावात पहिल्या रांगेतली पोरं पण वागत नाहीत.

आल्तिनोची_आजी
माई, अडतीस. आणि राणी वेगळी.

माशेलची_माई
मग तर पुन्हा करावंच लागणार.